थांबण्याची ऐपत

“तुमचा नंबर कितवा?”

शिरड शहापूरच्या शिवारात मला विचारला गेलेला हा पहिला प्रश्न. मार्च महिना, पहाटेचे साडेपाच. पांदणीच्या कडेला लिंबाखाली एक लोखंडी टाकी, तिच्या पोटाखाली जाळ, टाकीतून निघालेले पाईप आणि पाईपांना जोडलेले चार ड्रम. ड्रमांच्या झाकणांतून पांढरी वाफ फुसफुसत होती. तिला आल्याचा, भिजल्या मातीचा आणि थोडासा दवाखान्याचा वास. ह्या सगळ्या सरंजामाला इथं ‘कुकर’ म्हणतात. घरातल्या कुकरशी त्याचं नातं एवढंच, की दोन्हींत वाफेवर शिजतं.

विचारणारा गडी चाळिशीतला, कानाला मफलर गुंडाळलेला. माझ्यामागं ना ट्रॅक्टर ना ट्रॉली, हे दिसल्यावर त्यानं स्वतःच उत्तर देऊन टाकलं. “मग तुम्ही हळदीचे नाहीत.”

त्या महिन्यात इथं माणसांचे दोनच प्रकार असतात, हे मला नंतरच्या चार दिवसांत कळलं. त्याचा स्वतःचा नंबर सातवा होता. कुकर रात्रभर चालू होता आणि आता चौथ्याची हळद शिजत होती. म्हणजे दुपार. मध्येच कुकर दुसऱ्याच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, गेला, तर उद्या. तोवर उकरलेली ओली हळद रानात ढिगानं पडलेली आणि ती जास्त दिवस ठेवून चालत नाही. त्याच्या बोलण्यात घाई नव्हती, पण दर पाच मिनिटांनी तो ढिगाकडं बघत होता.

जावामार्गे हिंगोली

संपादकांचा फोन आला तेव्हा विषय एका ओळीचा होता: खेड्यातलं जगणं, आजचं, जाऊन बघितलेलं. त्या दिवसांत मी क्लिफर्ड गीर्ट्झ वाचत होतो. हा अमेरिकन मानवशास्त्रज्ञ १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला पूर्व जावातल्या पारे नावाच्या गावी जाऊन राहिला. लिहिताना त्यानं गावाचं नाव बदलून ‘मोजोकुटो’ केलं आणि १९६३ साली जावाच्या शेतीवर एक छोटंसं पण फार गाजलेलं पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: जावातलं भाताचं खाचर जेवढी माणसं त्यात उतरवावीत तेवढी पोटात घेतं. माणसं वाढली की खुरपणी आणखी बारकाईनं होते, कापणीला आणखी हात लागतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला थोडं थोडं भात येतं. गाव श्रीमंत होत नाही, पण गरिबी वाटून घेतं.

पुढच्या अभ्यासकांनी या चित्राला बरीच भोकं पाडली. जावातही जमीनवाला आणि बिनजमिनीचा यांत अंतर होतंच. तरी तो प्रश्न डोक्यात राहिला. आपल्याकडचं गाव काय वाटून घेतं?

जावा आठवायला आणखी एक कारण होतं. तिथंही घराच्या परसात हळद असते. तिला ते ‘कुन्यित’ म्हणतात. हळद-चिंचेचं पेय बाटल्यांत भरून, टोपली पाठीला बांधून दारोदार विकणाऱ्या बाया हे जावातलं नेहमीचं दृश्य. अशा झाडपाल्याच्या पेयांना ‘जामू’ म्हणतात आणि २०२३च्या डिसेंबरमध्ये युनेस्कोनं त्यांना वारशाच्या यादीत घेतलं. मंगल प्रसंगी पिवळ्या भाताचा शंकू करून शेजाऱ्यांना बोलावतात. आपण तीच हळद नवरदेवाच्या अंगाला फासतो. परसातल्या चार ताटांची हळद आणि चार एकरांतली हळद यांत मात्र फरक आहे. चार एकरांची हळद बघायची तर महाराष्ट्रात हिंगोलीकडंच जावं लागतं. हळदीखालचं सगळ्यात जास्त क्षेत्र या जिल्ह्यात आहे.

औंढा आणि वसमत यांच्या मध्ये

शिरड शहापूर औंढा नागनाथ तालुक्यात आहे. औंढ्याहून वसमतला जाताना लागतं. औंढ्याला ज्योतिर्लिंग आणि यादवकालीन दगडी देऊळ, वसमतला बाजारपेठ आणि पूर्णा साखर कारखाना. शिरडकरांचं देवाचं काम एका दिशेला आणि पैशाचं दुसऱ्या दिशेला. जिल्हा १९९९च्या १ मे रोजी परभणीतून वेगळा झाला, पण म्हातारी माणसं अजून कोर्टकचेरीचा विषय निघाला की ‘परभणीला’ म्हणून जातात. त्याआधीचा मुलूख निजामाचा. इथल्या शाळांत १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिदिनालाही झेंडा चढतो.

गाव लहान नाही. रस्त्याच्या कडेला कृषी केंद्रं, मोबाइलची दुकानं, वेल्डिंग, हॉटेलं, चहाच्या टपऱ्या. आतल्या बाजूला जुने वाडे, धाब्याची घरं, त्यांच्यावर चढलेले स्लॅब. बाहेरगावी ज्यांना शिरड शहापूर माहीत असतं, ते बहुतेक जैन असतात. इथं एकोणिसावे तीर्थंकर भगवान मल्लिनाथ यांचं दिगंबर जैन अतिशय क्षेत्र आहे आणि लांबलांबून यात्रेकरू येतात. देवळाच्या आवारात मला एका गोष्टीची गंमत वाटली. जैन आचारात जमिनीखालचे कंद वर्ज्य, म्हणून ओली हळद चालत नाही. वाळलेली मात्र चालते. देवळाबाहेरच्या साऱ्या शिवाराचं वर्षाचं काम तेच: ओल्या हळदीची सुकी करणं.

नऊ महिने पोटात

लागवड मे-जूनमधली. अक्षय तृतीया झाली की बेण्याचे ढीग उघडतात. गेल्या हंगामातले जेठे गड्डे सावलीत, हळदीच्याच वाळल्या पाल्याखाली झाकून ठेवलेले असतात. त्यांना डोळे फुटू लागलेले असतात. एकरी दहा क्विंटलच्या आसपास बेणं लागतं. ज्याच्या घरचं असतं त्याचं निभावतं. विकत घ्यायचं म्हटलं की लागवडीच्या आधीच कर्ज. आता बहुतेक जण साडेचार-पाच फुटांवर बेड पाडून, ठिबकच्या नळ्या अंथरून लावतात. जात बहुतेक सेलम, म्हणजे तमिळनाडूतल्या सेलमची. नाव परकं राहिलं, बेणं कधीच इथलं झालं.

मेच्या अखेरीला, रान तापलेलं असताना, नुकत्याच लावलेल्या हळदीला पाणी लागतं. हे पीक कोणाच्या आवाक्यात आहे ते इथंच ठरतं. ज्याच्या विहिरीला मे महिन्यात पाणी, तो हळदीवाला. बाकीच्यांनी पावसाची वाट बघून सोयाबीन पेरायचं.

मग पाऊस. पानं कमरेएवढी होतात, शिवार केळीच्या बागेसारखं दिसतं. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये भरणी झाली, खतं पडली आणि पाऊस लागून राहिला की शेतकरी रोज सकाळी एक झाड उपटून वास घेतो. कंदाला सड लागली असेल तर वासावर कळतं. पानांवर करपा, खाली कंदमाशी. फवारण्यांचा हिशेब पाठ असलेला एक तरुण मला सांगत होता, “सोयाबीनचं काय, शंभर दिवसांत निकाल. हिचा निकाल नऊ महिन्यांनी. तवर जमिनीखाली काय चाललंय, देवालाच ठाऊक.”

दिवाळीनंतर पानं पिवळी पडायला लागतात. जानेवारीत पाणी तोडतात. फेब्रुवारीत पाला जमिनीसरशी विळ्यानं कापतात, चार-पाच दिवस रान तापू देतात आणि मग ट्रॅक्टरमागच्या अवजारानं बेड उलथवतात. गड्डे वर येतात तेव्हा कोणी बोलत नाही. आधी उचलून झटकतात, मोडून रंग बघतात. आत गर्द नारिंगी असला की चेहरा सैल पडतो.

यानंतरचं काम बायांचं. माती झाडायची, मुळ्या काढायच्या, जेठा गड्डा वेगळा, बगलेची हळकुंडं वेगळी, सोरा गड्डा वेगळा. दिवसभर उकिडवं बसून. हात पिवळे होतात हे सगळ्यांना माहीत असतं, नखांच्या कडा फाटतात हे मला माहीत नव्हतं. गड्याच्या रोजापेक्षा बाईचा रोज कमी, हे विचारावंही लागत नाही.

कुकरचा धनी

पूर्वी काहील होती. मोठ्या कढईत हळद भरायची, वर पाला आणि गोणपाट झाकायचं, खाली दिवसभर जाळ. एका काहिलीला चार माणसं गुंतायची. सासरे-जावई, चुलते-पुतणे, शेजारचा आखाडा, असा सगळा गोतावळा लागायचा. कोणाचं बोट भाजलं, कोणाची हळद कच्ची राहिली, याच्या गोष्टी अजून रंगवून सांगतात.

वाफेच्या कुकरनं ते मिटवलं. टाकीत पाणी, खाली लाकूड, वाफ ड्रममध्ये. तासाभरात घाणा तयार. शिजली की नाही हे बघायला काडी टोचतात. काडी लोण्यात शिरावी तशी आरपार गेली की झाकण उघडायचं. कमी शिजली तर वाळताना सुरकुतते, जास्त शिजली तर रंग जातो. कुकरवरच्या कारागिराला हे हातानं कळतं. त्याला थर्मामीटर लागत नाही आणि झोपही फारशी मिळत नाही. फेब्रुवारी ते एप्रिल तो शिवारातच राहतो, ट्रॉलीखाली दोन तास डोळा लागला तर लागला.

कुकर प्रत्येकाकडं नसतो. ज्यानं बँकेचं कर्ज काढून किंवा अनुदानातून घेतला, तो हंगामात गावातला सगळ्यात महत्त्वाचा माणूस. सरपंचाला टाळता येतं, कुकरवाल्याला नाही. त्याच्या वहीत नंबर लागतात आणि वहीबाहेरही लागतात. भावकी, जुनी उसनवारी, मागच्या निवडणुकीत कोण कुठं उभा होता, हे सगळं त्या वहीच्या समासात असतं, लिहिलेलं नसलं तरी. माझा सातव्या नंबरचा मित्र (चार तासांत तो मित्र झाला होता) दुपारी दोनला आठवा झाला. कोणीतरी मध्ये घुसलं होतं. तो काही बोलला नाही. “बोलून काय? पुढल्या साली बी त्याच्याकडंच यावं लागतंय.”

शिजलेली हळद रानातच कडक उन्हात पसरतात. बारा-पंधरा दिवस वाळणं. या दिवसांत आभाळाकडं बघायची रीत वेगळी. जूनमध्ये ढग दिसला तर माणूस हसतो, मार्चमध्ये दिसला तर ताडपत्री घेऊन पळतो. अवकाळीचा एक सडाका आणि हळदीचा रंग काळवंडला. पूर्ण वाळलेलं हळकुंड मोडलं की टचकन आवाज होतो. मग ढोलात घालून फिरवायचं, वरची साल घासून निघते, पिवळी धूळ साऱ्या शिवारावर बसते. झाडं, कुत्री, मोटारसायकली, सगळं पिवळं. पाच पोती ओली टाकली तर एक पोतं सुकी भरते. चांगली साधली तर एकरी वीस-पंचवीस क्विंटल.

कट्टे

आता मुख्य गोष्ट. सोयाबीन साठवता येतं, पण त्याला ओल लागते, घट येते आणि मुळात तेवढा दम कोणाला नसतो. ऊस एक दिवस ठेवता येत नाही. केळीचं तर विचारूच नका. इथून जवळच्या गिरगावकडच्या बागायतदाराला घड उतरवला की त्याच दिवशी गाडी लागते. हळद मात्र नीट वाळवून कट्ट्यांत, म्हणजे पोत्यांत, भरली की वर्ष काढते, दोन वर्षं काढते. सांगलीजवळ हरिपूरला जमिनीत खोल पेवं होती, त्यांत व्यापारी हळद वर्षानुवर्षं ठेवायचे. २००५च्या महापुरात ती पेवं गेली. इथं पेवं नाहीत. माजघर आहे.

एका घरात मी माजघराच्या भिंतीला लागून छतापर्यंत रचलेले कट्टे पाहिले. त्यांच्यावर गाद्या, गाद्यांवर लेकरांची दप्तरं. घरधनी म्हणाले, “ही मागल्या सालची. यंदाची अजून ढोलावर हाय.” मागच्या वर्षीची का ठेवली? त्यांनी आकडे सांगितले नाहीत, हसले. आकडे सगळ्यांनाच पाठ आहेत. किती तरी वर्षं हळद क्विंटलला पाच-सात हजारांत घुटमळत होती. २०२३च्या पावसाळ्यात तिनं दहा हजारांचा उंबरा ओलांडला आणि २०२४च्या उन्हाळ्यात चांगल्या मालाला पंधरा हजारांच्या पुढं भाव गेला. ज्यांनी २०२३च्या मार्चमध्ये विकली त्यांनी आणि ज्यांनी ती पावसाळ्यापर्यंत धरली त्यांनी एकच पीक घेतलं, एकाच पाण्यावर, एकाच कुकरवर. हातात आलेले पैसे मात्र जवळजवळ दुप्पट-निम्मे.

त्या वर्षानं गावात एक नवा शहाणपणा रुजवला: हळद पिकवणं सोपं, धरून ठेवणं अवघड. मला तर वाटतं, या गावात आज श्रीमंत कोण आणि गरीब कोण हे जमिनीच्या एकरांवरून सांगू नये. कोण किती महिने थांबू शकतो, त्यावरून सांगावं. कोणाच्या घरी पगार येतो, कोणाचा पोरगा पुण्यात कंपनीत आहे, कोणाचं कृषी केंद्र आहे, तो थांबतो. ज्याच्यावर दुकानाची उधारी, गटाचा हप्ता, लेकीचं लग्न, आणि हे सगळं पाडव्याच्या आत, तो ढोलावरून थेट टेम्पोत भरतो.

पाडवा महत्त्वाचा. सालगड्याचं वर्ष पाडव्याला संपतं आणि नवं ठरतं. उचल द्यायची ती तेव्हाच. दुकानदाराची वही तेव्हाच बंद होते. आणि हळद नेमकी त्याच पंधरवड्यात तयार होते. म्हणजे सगळ्यांची हळद एकदम बाजारात येण्याचा आणि सगळ्यांना पैसे एकदम लागण्याचा मुहूर्त एकच. हिंगोलीच्या मार्केट यार्डाबाहेर या दिवसांत वाहनांची रांग लागते ती उगाच नाही. चालक टेम्पोखाली पथारी टाकून झोपतात. मोंढा दोन दिवस बंद असेल तर रांग तशीच, आणि टेम्पोचं भाडं वाढत राहतं. बीट, म्हणजे लिलाव, सुरू झालं की काही मिनिटांत ढिगाचा निकाल. व्यापारी मूठभर हळकुंडं उचलतो, एक मोडतो, कानाशी आवाज ऐकतो. नऊ महिन्यांच्या हिशेबाला तेवढंच.

थांबता यावं म्हणून सरकारचीही सोय आहे. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून चालू आहे. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवायचा, किमतीच्या पाऊण हिश्श्यापर्यंत कर्ज सहा टक्क्यांनी सहा महिन्यांसाठी मिळतं. हळद त्यात बसते. कागदावर ही योजना नेमकी ह्याच दुखण्यावरचं औषध आहे. मी ज्यांना विचारलं त्यांतल्या जमीनदारांना ती माहीत होती. ज्यांना तिची गरज होती, ते म्हणाले, “आधी माल तिथवर न्यायचा, मग कागदं. तेवढ्यात पाडवा होऊन जातो.” एकानं तर तिरकसपणे विचारलं, “माजघरात ठेवली तर काय बिघडतं? माजघराला सही लागत नाही.” पण माजघर कर्जही देत नाही, हे त्याला ठाऊक होतं.

वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. वसमतला बाळासाहेब ठाकरे यांच्या नावानं हळद संशोधन केंद्र उभं राहत आहे. २०२५च्या जानेवारीत राष्ट्रीय हळद मंडळ स्थापन झालं, मुख्यालय तेलंगणात निजामाबादला. हळदीच्या वायद्यांचं केंद्रही निजामाबादच. आखाड्यावर बसलेली पोरं मोबाइलवर रोज सकाळी निजामाबाद, इरोड, सांगली बघतात. वडिलांच्या तोंडी हवामान, मुलाच्या तोंडी वायदे. मानांकनाचं विचारलं तर म्हणाले, “नाव झालं. भाव त्याच ढिगावर ठरतो.”

सावडीची जागा

सावड हा शब्द मी मुद्दाम विचारत फिरलो. म्हाताऱ्यांनी लगेच ओळखला. तुझ्या रानात मी, माझ्या रानात तू, पैशाचा व्यवहार नाही. पेरणीला बैलांची सावड, खुरपणीला बायांची. काहिलीची तर सावड असल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. पस्तिशीतल्या माणसांना शब्द माहीत आहे, वापर माहीत नाही. त्यांचा शब्द ‘गुत्तं’. सोयाबीन काढायचं तर बॅगेवर गुत्तं: पेरताना जेवढ्या बॅगा बियाणं लागलं तेवढ्या बॅगांचे पैसे, मग टोळी येते, उतरते, कापते, जाते. हळद काढायचंही गुत्तं. मुकादम बोलतो, बाया येतात.

गंमत म्हणजे जावातही हेच झालं. तिथं भाताची लोंबी बायका एका चिमुकल्या चाकूनं एकेक करून खुडत. चाकूचं नाव ‘आनी-आनी’. कापणीला कोणालाही यायला मुभा, आणि खुडलेल्यातला ठरलेला वाटा घरी न्यायचा. त्या वाट्याला ‘बावोन’ म्हणत. १९७०च्या सुमाराला नव्या वाणांचं भात आलं, विळे आले आणि शेतकरी उभं पीक व्यापाऱ्याला विकू लागले. व्यापारी आपली टोळी आणायचा. या पद्धतीला ‘तेबासान’ म्हणतात. गावच्या बायका बांधावर उभ्या राहिल्या. आपल्याकडं ते ऐकून गुत्तं आठवणार नाही असा एकही माणूस मला औंढा तालुक्यात सापडला नसता.

पण हे म्हणताना मला जपून राहिलं पाहिजे. सावडीत गोडवा होता तो जमीनवाल्यांसाठी. ज्याच्याकडं रान नाही त्याची कोणाशी सावड? गावकुसाबाहेरच्या वस्तीतली एक आजी मला स्पष्ट म्हणाली, “आमाला कोन सावडीला घेतंय? आमाला बोलवायचे कामाला.” गुत्त्यानं तिला निदान रोख पैसा दिला. तोही मुकादमाच्या हातून का होईना.

एक गोष्ट वाटून घेण्याची अजून शाबूत आहे. काढणी संपली की देवळात सप्ताह बसतो. सात दिवस हरिपाठ, कीर्तन, रात्री जागर, शेवटी काल्याचं कीर्तन आणि पंगत. नामदेवांचं नरसी याच जिल्ह्यात, त्यांचे गुरू विसोबा खेचर औंढ्याचे, तेव्हा टाळकऱ्यांची इथं कधी चणचण नव्हती. पंगतीला हळदवाले पोती देतात, भाजीवाले भाजी, बिनजमिनीचे पाणी भरतात, वाढतात. पंगत सगळ्यांची एक. कोणाच्या घरात किती कट्टे शिल्लक आहेत, हे मात्र पंगतीत सगळ्यांना माहीत असतं.

कालव्याकडून आणि जमिनीखालून

हळदीचं खरं श्रेय ज्या पाण्याला, त्याचा मूळ धनी पूर्णा नदी. परभणी जिल्ह्यात जिंतूरजवळ येलदरी, त्याखाली औंढा तालुक्यात सिद्धेश्वर, ही दोन धरणं १९६०च्या दशकात झाली. पाणी येलदरीत साठतं, सिद्धेश्वरहून कालव्यानं सुटतं. कालव्याच्या पट्ट्यात विहिरींना पाझर राहतो. त्यामुळं कालव्याजवळची विहीर आणि माळावरची विहीर, अंतर दोन किलोमीटर, नशीब वेगळं. आवर्तन कधी सुटणार यावर उन्हाळी राजकारण चालतं. बैठका होतात, निवेदनं जातात. पाणी सुटलं की शेवटच्या माणसापर्यंत पोचायला वेळ लागतो, आणि शेवटचा माणूस रात्री बॅटरी घेऊन चारीवर बसतो. तोही एक नंबरच.

दुसरं थांबणं जमिनीखालचं. शेजारच्या वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे गावाचं नाव गेली काही वर्षं जमिनीतून येणाऱ्या गूढ आवाजांसाठी पेपरात येतं. गुरगुर होते, भांडी वाजतात, लोक अंगणात येतात. २०२४च्या २१ मार्चला सकाळी सहाच्या सुमारास ४.५ तीव्रतेचा धक्का बसला, आणि १० जुलैला सकाळी सव्वासातला पुन्हा तेवढाच, केंद्र कळमनुरी तालुक्यातल्या रामेश्वर तांड्याकडं. हिंगोली, परभणी, नांदेड हलले. मराठवाड्यात भूकंप म्हटलं की १९९३चं किल्लारी आठवल्याशिवाय राहत नाही. मार्चच्या धक्क्याच्या वेळी बरीच माणसं हळदीपाशी रानातच होती. त्यांना तो कळला ढिगावरून गड्डे घरंगळले तेव्हा.

आणि याच मुलखात, औंढ्याजवळ दुधाळा परिसरात, ‘लायगो’ ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा येणार आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या काटकोनात, दूरच्या कृष्णविवरांच्या टकरीनं अवकाशात उठलेली थरथर मोजायला. प्रोटॉनच्या हजाराव्या हिश्श्याहून लहान हालचाल त्यात टिपतात. २०१६च्या फेब्रुवारीत तत्त्वतः मंजुरी, २०२३च्या एप्रिलमध्ये २,६०० कोटी. गावात त्याचं नाव ‘लिगो’. नोकऱ्या लागतील, जमिनीचे भाव वाढतील, अशी चर्चा ओसरली नाही, पण जुनी झाली. माझ्या सातव्या नंबरच्या मित्राला कृष्णविवर समजावून सांगायचा मी प्रयत्न केला. त्यानं मनापासून ऐकून घेतलं. मग विचारलं, “म्हणजे लई लांबून आलेलं लई बारीक हललेलं कळतंय?” मी म्हटलं, हो. “मग व्यापाऱ्यांच्या मनातलं कळंल का बघा.”

सरवा

रात्री उशिरा त्याची हळद ड्रममध्ये पडली. पहाटे दोनला झाकण उघडलं. आखाड्यावर त्याच्या घरच्यांनी पिठलं-भाकर आणली होती, कांदा फोडला, आम्ही जेवलो. त्याचं ठरलं होतं: निम्मी पाडव्याआधी विकायची, उधारी मिटवायची, निम्मी धरायची. किती दिवस? “जमंल तेवढे.” निघताना त्यानं कागदात बांधून हळकुंडं दिली. वानोळा. नको म्हणायची सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी उलथलेल्या रानात चार-पाच बाया वाकून फिरत होत्या. काढणी संपलेल्या रानात राहिलेले तुकडे वेचायला मालक हरकत घेत नाही. त्याला सरवा म्हणतात. ज्वारीच्या, कापसाच्या रानात पूर्वी सरवा वेचत, आता हळदीत. त्यांतली एक आदल्या दिवशी त्याच रानात गुत्त्यावर होती. आज ती स्वतःसाठी होती. ओढणीच्या झोळीत बोटाएवढे तुकडे, एखादा अर्धा तुटलेला गड्डा. कुकरवर नंबर लावण्याइतका माल नव्हता. तिनं घरी पातेल्यात, चुलीवर, वर पाला झाकून शिजवली, जुन्या काहिलीसारखी, आणि पत्र्यावर वाळत घातली.

पंधरा दिवसांनी मी पुन्हा गेलो तेव्हा विचारलं. वाळून अकरा किलो भरली होती. तीन किलो लेकीच्या लग्नाला म्हणून डब्यात ठेवली. आठ किलो त्याच आठवड्याच्या बाजारात विकली.